पँटची चेन आणि परराष्ट्र धोरण

कापडाच्या धंद्यातील आमच्या बांधवांची एक जुनी सवय आहे. वर्तमानपत्र हाती आले की आधी सुताचे भाव बघायचे, मग गावातील बातम्या, आणि परदेशाचे पान चहाच्या हॉटेलात बहस करण्यासाठी राखून ठेवायचे. तेथे कोण जिंकले, कोण हरले, कोणाचा निषेध करावा यावर रात्री अकरापर्यंत बोलणे चालते. पण त्या बातमीचा आणि आपल्या दुकानातील थानांचा काही संबंध असेल असे सहसा कोणी धरत नाही. आमचे म्हणणे असे की परराष्ट्र धोरण हेही एक भावपत्रकच आहे. ते वाचण्याची रीत तेवढी शिकून घ्यावी लागते.

यासाठी आम्ही एकच उदाहरण घेतो, इजिप्तचे. उर्दूत आपण त्याला मिस्र म्हणतो. अमेरिकेच्या दुकानात टांगलेल्या साध्या सुती पँटमध्ये तीन देशांच्या हुकूमती आणि कोट्यवधी लोकांचे मत कसे शिवले गेले, हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसते.

कोट्याचे दिवस

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. १९६० च्या निवडणुकीत केनेडी यांना अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांची मते हवी होती. तेथे कापड गिरण्या होत्या आणि स्वस्त परदेशी मालाविरुद्ध लोकमत तापलेले होते. केनेडी अध्यक्ष झाले आणि १९६१ मध्येच सुती कापडाच्या आयातीवर मर्यादा घालणारा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो वाढत वाढत १९७४ मध्ये 'मल्टी फायबर अरेंजमेंट' झाला. अमेरिका व युरोप प्रत्येक देशाला आकडा देत: इतके डझन शर्ट, इतक्या डझन पँट, त्यापुढे एक नग नाही. आपल्याकडे तर कोटा स्वतःच माल झाला होता. ज्याच्याकडे ऑर्डर नाही पण कोटा आहे, तो प्रीमियम घेऊन कोटा विकून टाकी आणि निवांत बसे.

कोट्याने चीन, हाँगकाँग, भारत यांचे हात बांधले हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच कोट्याने लहान देशांना आडोसाही दिला, हे कमी लोक लक्षात घेतात. चीनचा आकडा संपला की खरेदीदाराला दुसरीकडे जावेच लागे. त्यातूनच बांगलादेश उभा राहिला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हा ठरले की दहा वर्षांत कोटा टप्प्याटप्प्याने संपवायचा. शेवटची तारीख होती १ जानेवारी २००५. त्या दिवसापासून चीनसमोर आपला टिकाव कसा लागणार, या विचाराने कैरो आणि अलेक्झांड्रियाचे कारखानदार बेचैन झाले. इजिप्तमध्ये कापड हा लहानसा धंदा नाही. महल्ला अल-कुब्राच्या गिरण्यांत हजारो मजूर एका छपराखाली काम करतात आणि तेथील लांब धाग्याचा कापूस जगभर नावाजलेला आहे.

कोटा गेला तरी ड्युटी राहिली

येथे आमच्या नव्या बांधवांची बऱ्याच वेळा गफलत होते. कोटा म्हणजे किती माल येऊ द्यायचा याची मर्यादा, आणि ड्युटी म्हणजे आलेल्या मालावरचा कर. २००५ मध्ये कोटा संपला, ड्युटी नव्हे. अमेरिकेत सुती पँटवरची नेहमीची ड्युटी १६.६ टक्के आहे, आणि सिंथेटिकच्या काही कपड्यांवर ती ३० टक्क्यांच्याही वर जाते. ज्याला ही ड्युटी माफ, तो चीनशी टक्कर देऊ शकतो. इजिप्तला ती माफी हवी होती. माफीचा रस्ता मात्र तेल अवीववरून जात होता.

तो असा. अमेरिका आणि इस्राईल यांच्यात १९८५ मध्ये मुक्त व्यापाराचा करार झाला होता. १९९६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने त्याला एक शेपूट जोडले: इजिप्त किंवा जॉर्डनमध्ये ठरवून दिलेल्या औद्योगिक क्षेत्रात, इस्राईलचा माल वापरून बनवलेली वस्तूही अमेरिकेत विनाड्युटी येईल. या क्षेत्रांना इंग्रजी आद्याक्षरांवरून क्यू.आय.झेड. म्हणतात. हेतू उघड होता. या देशांच्या सरकारांनी इस्राईलशी सुलह केली होती, पण तेथील अवामने ती दिलाने मानली नव्हती. सुलहमधून रोजगार आणि नफा दिसू लागला की लोकांचे मन बदलेल, असा वॉशिंग्टनचा हिशेब होता.

आता हा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत मांडून पाहू. नियम असा की वस्तूच्या किमतीपैकी निदान ३५ टक्के भाग ठरलेल्या ठिकाणांचा असावा, म्हणजे ते क्षेत्र, इस्राईल, अमेरिका वगैरे. इजिप्तच्या करारात त्या ३५ पैकी इस्राईलचा वाटा निदान ११.७ टक्के ठरला. बाकीचे ६५ टक्के कोठलेही चालते, मग ते कापड चीनचे असो, भारताचे असो वा पाकिस्तानचे.

समजा पँटची किंमत दहा डॉलर आहे. एरवी अमेरिकेत तिच्यावर १ डॉलर ६६ सेंट ड्युटी पडली असती. ती वाचवायची तर इस्राईलकडून १ डॉलर १७ सेंटचा माल घ्यायचा. हा माल कसला? चेन, बटन, दोरा, लेबल, धुलाईची रसायने, पॅकिंगचे खोके. हाच माल दुसरीकडे वीस सेंट स्वस्त मिळतो असे धरले, तरी वीस सेंट जादा देऊन १ डॉलर ६६ सेंट वाचले. पँटमागे जवळपास दीड डॉलर! आपण मीटरमागे पंचवीस पैशांसाठी पार्टीशी तासभर घासाघीस करतो, मग दीड डॉलर सोडणारा कारखानदार कोठे सापडणार? अर्थात सगळा दीड डॉलर कारखानदाराला मिळत नाही. अमेरिकेचा खरेदीदारही हिशेब जाणतो आणि आपला हिस्सा भावात कापून घेतो.

सही कधी झाली?

१९९६ मध्ये दार उघडले तरी इजिप्तने आठ वर्षे आत पाऊल टाकले नाही. कारण अवामचे मत. १९७९ मध्ये इस्राईलशी करार केला म्हणून अरब लीगने इजिप्तला काढून टाकले होते, आणि लीगचे मुख्यालय कैरोहून ट्युनिसला गेले होते. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याला परत घेतले गेले. वकील, डॉक्टर, इंजिनियर, पत्रकार यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना इस्राईलशी संबंध ठेवण्यास मनाई केली होती. सरकारांत सुलह, लोकांत अबोला, अशी स्थिती होती. त्यात २००० पासून फिलिस्तीनमध्ये दुसरा इंतिफादा सुरू झालेला. नोव्हेंबर २००४ मध्ये रफाहच्या सरहद्दीवर इस्राईली रणगाड्याच्या माऱ्यात तीन इजिप्शियन पोलीस ठार झाले आणि लोक आणखी चिडले.

आणि तरीही १४ डिसेंबर २००४ रोजी कैरोत सह्या झाल्या. इजिप्ततर्फे व्यापारमंत्री रशीद मोहम्मद रशीद, इस्राईलतर्फे एहूद ओल्मर्ट, अमेरिकेतर्फे रॉबर्ट झोलिक. कोटा संपायला अठरा दिवस उरले होते. ही तारीख आमच्या बांधवांनी नीट पाहावी. मन बदलले म्हणून ही सही झालेली नाही. एक जानेवारी जवळ आली म्हणून झाली. सहीच्या नऊ दिवस आधी इजिप्तने अझ्झाम अझ्झाम या इस्राईली कैद्याला सोडले आणि इस्राईलने सहा इजिप्शियन विद्यार्थ्यांना. हा अझ्झाम कैरोत कापडाच्याच धंद्यात होता. हेरगिरीच्या आरोपाखाली त्याला १९९७ मध्ये पंधरा वर्षांची सजा झाली होती, आणि त्याने व इस्राईलने तो आरोप कधी कबूल केला नाही. कपड्यात अदृश्य शाईचा निरोप पाठवल्याचा तो आरोप होता! कापडाचा धंदा राजकारणापासून दूर आहे असे मानणाऱ्याने हा खटला आठवावा.

करारावर टीका झालीच. पण ती करताना विरोधकांना एक अडचण आली. एकीकडे 'हे सौदे नकोत' अशी घोषणा, आणि दुसरीकडे ज्या भागांचा पहिल्या यादीत समावेश नव्हता तेथील कारखान्यांची विचारणा, की आमचा नंबर कधी? पुढे यादी वाढली. २००७ मध्ये इस्राईलचा वाटा ११.७ वरून १०.५ टक्क्यांवर आणला गेला. इजिप्तचे म्हणणे होते की तो आणखी खाली यावा.

गॅस तुटला, कपडा टिकला

खरी परीक्षा २०११ मध्ये झाली. फेब्रुवारीत होस्नी मुबारक गेले. त्या वर्षी अमेरिकेच्या प्यू संस्थेने इजिप्तमध्ये लोकमत अजमावले, तेव्हा ५४ टक्के लोकांनी इस्राईलशी झालेला १९७९ चा करारच रद्द करावा असे सांगितले. तो राहावा असे म्हणणारे ३६ टक्के होते. सप्टेंबरमध्ये कैरोत जमाव इस्राईलच्या दूतावासात घुसला. त्या काळात इजिप्त इस्राईलला पाइपातून गॅस विकत होता. सिनाईच्या वाळवंटात तो पाइप पुन्हा पुन्हा बॉम्बने उडवण्यात आला आणि एप्रिल २०१२ मध्ये इजिप्तने गॅसचा सौदा तोडून टाकला.

मग क्यू.आय.झेड. चे काय झाले? काही नाही. ट्रक येत राहिले, चेन आणि रसायने उतरत राहिली, पँटचे कंटेनर जात राहिले. २०१२ मध्ये इख्वानुल मुस्लिमीनचे मोहम्मद मुर्सी अध्यक्ष झाले. त्यांच्या जमातीने आयुष्यभर या सुलहला विरोध केला होता, पण त्यांच्या राजवटीतही हा करार रद्द झाला नाही. २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवले, तेव्हाही झाला नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझावर जी आफत कोसळली आणि कैरोपासून जकार्तापर्यंत अवाम जो तळमळला, त्या दिवसांतही झाला नाही.

असे का, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते कारण नैतिकतेत शोधून सापडणार नाही, ते पैशाच्या दिशेत आहे. गॅस देशाबाहेर जात होता. तो सरकारच्या जवळच्या माणसांनी स्वस्तात विकला असा लोकांचा संशय होता, आणि घरात चूल पेटवताना प्रत्येकाला तो आठवत होता. क्यू.आय.झेड. मध्ये उलट होते. पगार देशात येत होता. इजिप्तच्या कायद्याप्रमाणे कारखान्यात परदेशी कामगारांना साधारण दहा टक्क्यांपर्यंतच जागा आहे. त्यामुळे शिलाई मशीनवर बसलेली मुलगी त्याच गल्लीतली होती. तिच्या भावाने मोर्चात घोषणा दिल्या असतील आणि तिने संध्याकाळी पगार आणला असेल. दोन्ही गोष्टी एकाच घरात चालू होत्या. यात आम्हाला ढोंग दिसत नाही. माणसाचे मत आणि माणसाची मजबुरी या दोन वेगळ्या वह्या आहेत. वॉशिंग्टनची समजूत होती की एका वहीतली जमा दुसऱ्या वहीत आपोआप उतरेल. इतकी वर्षे झाली, ती उतरलेली नाही.

जॉर्डनचा दाखला याच्या शेजारी ठेवावा. तेथे इस्राईलशी करार १९९४ मध्ये झाला, १९९८ मध्ये इर्बिदजवळ पहिले क्षेत्र सुरू झाले, आणि इस्राईलचा वाटा आठ टक्के ठरला. काही वर्षांत अमेरिकेला जाणारा माल वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर गेला. पण मशीनवर बसलेले बहुतेक कामगार होते श्रीलंकेचे, बांगलादेशाचे, चीनचे, भारताचे. मालकांतही परदेशी पुष्कळ. जॉर्डनच्या माणसाला दिसत होते ते फक्त कुंपण आणि कंटेनर. २००१ मध्ये तेथील व्यावसायिकांच्या संघटनांनी इस्राईलशी व्यवहार करणाऱ्यांची यादीच छापली. २००६ मध्ये या कारखान्यांतील मजुरांच्या हालांचा अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला: पासपोर्ट काढून घेतलेले, पगार थकलेले. दरम्यान जॉर्डनला अमेरिकेशी स्वतंत्र मुक्त व्यापारही मिळाला होता, २०१० पर्यंत ड्युटी शून्यावर आली, आणि कारखानदारांनी इस्राईलची चेन घेणे हळूहळू सोडले. दीड डॉलर दुसऱ्या दाराने मिळू लागला की पहिल्या दाराकडे कोण बघतो?

लोकमत त्या बाजूलाही असते

आपल्यात एक समज आहे की अमेरिकेचे धोरण चार माणसे बंद खोलीत ठरवतात. पाकिस्तानची कहाणी याला छेद देते. ११ सप्टेंबर २००१ नंतर पाकिस्तान अमेरिकेचा साथीदार झाला. बदल्यात जनरल मुशर्रफ यांनी जे मागितले त्यात कापडावरची सवलत अगदी वरच्या क्रमांकावर होती. युरोपने ड्युटी माफ केली आणि कोटाही वाढवला. अमेरिकेने कर्जात सवलत दिली, पैसा दिला, पण कापडाच्या ड्युटीला हात लावला नाही. कारण त्याच डिसेंबरमध्ये अध्यक्ष बुश यांना व्यापार कराराचे अधिकार देणारे विधेयक प्रतिनिधिगृहात २१५ विरुद्ध २१४, म्हणजे केवळ एका मताने पास झाले. त्या मतांत कॅरोलिनाच्या गिरणी भागातल्या प्रतिनिधींची मते होती, आणि ती कापडाबाबत आश्वासने देऊन मिळवलेली होती.

पुढे मार्च २००६ मध्ये बुश यांनी पाकिस्तान-अफगाणिस्तान सरहद्दीसाठी क्यू.आय.झेड. सारखीच क्षेत्रे जाहीर केली. २००९ मध्ये त्याचे विधेयक प्रतिनिधिगृहाने मंजूर केले, तेही सुती पँट-शर्टासारखा चालणारा माल वगळून. आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. जो साथीदार रणांगणावर हवा होता, त्याचा शर्ट दुकानात नको होता. जॉर्डनला मिळाले ते याला का मिळाले नाही? जॉर्डनचा माल सुरुवातीला मूठभर होता, आणि त्याच्या मागे इस्राईलचे नाव होते, ज्याला काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांची मते मिळतात. पाकिस्तानचा माल मोठा, आणि पाठीशी मतदार कोणी नाही.

आपल्या पेढीवर याचा उपयोग

परदेशाची बातमी वाचताना आम्ही आता तीन गोष्टी विचारतो. तारीख कोणती जवळ येत आहे? पैसा कोणाच्या घरात जातो? आणि कोणत्या मतदारसंघात गिरणी आहे? भाषणे आणि निषेध वाचावेत, आमचाही निषेध त्यात असतो, पण मालाचा अंदाज भाषणावरून बांधू नये. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराची लाट आली. तिच्या भरवशावर ज्यांनी देशी सिंथेटिक धाग्याचा साठा केला त्यांना पुढील दोन वर्षांत काय दिसले? चीनहून आयात आणखी वाढली. उलट मे २०२५ मध्ये पुण्याच्या बाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचे सफरचंद घेणे बंद केले. सफरचंदाला दुसरा देश लगेच मिळतो, मशीनच्या सुट्या भागाला मिळत नाही. बहिष्कार कोठे चालतो आणि कोठे चालत नाही याची ही सोपी कसोटी आहे.

आखातात माल पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जुन्या एल.सी. मध्ये अट असे की माल इस्राईलचा नाही आणि जहाज तेथील बंदराला लागणार नाही, असा दाखला जोडावा. १९९४ मध्ये आखाती देशांच्या परिषदेने बहिष्काराचा काही भाग सोडला, आणि २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीने आपला बहिष्काराचा कायदाच रद्द केला. पण सर्व अरब देशांनी असे केलेले नाही. दुसरीकडे १९७७ पासून अमेरिकेचा कायदा आपल्या कंपन्यांना अशी अट मानण्यास मनाई करतो. म्हणून ज्या सौद्यात एका बाजूला अमेरिकेची कंपनी आणि दुसऱ्या बाजूला अरब खरेदीदार असेल, तेथे एल.सी. चे प्रत्येक कलम बँकेतील माणसाकडून वाचून घ्यावे. केवळ एका ओळीवर कागदपत्रे परत येतात आणि माल बंदरात भाडे खात पडतो.

आणि अगदी जवळचे उदाहरण पाहायचे असेल तर ढाक्याकडे पाहा. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारताचे सूत जमिनीच्या रस्त्याने घेणे थांबवले. १७ मे रोजी भारताने हुकूम काढला की बांगलादेशाचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून येणार नाहीत, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांतून येतील. ज्यांनी ती बातमी दोन शेजाऱ्यांचे भांडण म्हणून वाचली त्यांनी पान उलटले. ज्यांनी भावपत्रक म्हणून वाचली त्यांनी त्याच सकाळी आपल्या कंटेनरवाल्याला फोन लावून विचारले, की ट्रकने चार दिवसांत येणारा शर्ट आता जहाजाने किती दिवसांत येणार, आणि तोपर्यंत भिवंडी-मालेगावच्या शर्टिंगला गिऱ्हाईक किती वाढेल.